मीठवालीचा पाचवा भाग

माझ्या भावाने चार कादंबऱ्या लिहिल्या आणि पाचवी राहून गेली, असे मी जवळजवळ वर्षभर समजत होते. लोकही तसेच म्हणत. समाचाराला आलेली माणसे आधी त्याच्या वयाबद्दल हळहळत आणि मग दाराशी चपला घालता घालता म्हणत, "आणि ती गोष्टही बिचारी अर्धीच राहिली." त्याच्या जाण्याइतकेच हे दुसरे वाक्य मला लागे. माणूस अर्ध्यावर गेला, त्याला इलाज नव्हता. पण त्याचे कामही अर्ध्यावर राहिले, हे मनाला सोसत नसे.

दादा लोणावळ्याच्या स्टेशनात तारेच्या कामावर होता. तुंगार्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचे आमचे घर. मी पंधराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले. आईवडील नव्हतेच. दादाने मला शिकवले, पुण्याला ट्रेनिंगला पाठवले, आणि मी मुलींच्या शाळेत लागले. त्याने स्वतः लग्न केले नाही. कारण मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. कामावरून आला की चहा घेई आणि लिहायला बसे. स्टेशनातले रद्द झालेले छापील फॉर्म तो घरी आणी आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिही. त्याचे अक्षर तारेच्या खटक्यांसारखे, तुटक आणि घाईचे. पुण्याच्या छापखान्यात ते कुणाला लागत नसे, म्हणून शुद्धप्रत मी करीत असे. चारही भागांतली प्रत्येक ओळ माझ्या हातून गेलेली आहे. या पुस्तकांना माझ्याइतके कोणी ओळखत नाही, असा मला अभिमान होता. पुढे तो कसा उतरला ते सांगतेच.

गोष्ट अशी. आगगाडी येण्यापूर्वीचा काळ. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर गोणी लादून बोरघाट चढून देशावर येई. नऊ वर्षांची एक मुलगी आपल्या बापाच्या सहा बैलांमागून हा घाट चढते. पहिल्या भागात बाप वाटेत आजारी पडून मरतो आणि पोर एकटी बैल घेऊन वर येते. दुसऱ्या भागात ती मोठी होते. पुढच्या बैलाचा पाय घसरतो, बैल वाचतो, पण त्याच्या गळ्यातली घंटा कातळावर आपटून तिला तडा जातो, आणि त्यानंतर ती बद्द वाजते. तिसऱ्या भागात चुलता तिचे बैल बळकावतो आणि ती ते परत मिळवते. चौथ्या भागात रेल्वेसाठी डोंगर फुटू लागतो. मीठ आता गाडीने जाणार असते. बैल एकेक करून जातात. शेवटी उरलेला पुढचा बैल खिंडीत बसतो तो उठतच नाही. ती त्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेते. खाली कोकण, वर देश. "ती खिंडीत उभी राहिली." एवढे शेवटचे वाक्य, आणि खाली "समाप्त".

वाचणारे तिला मीठवाली म्हणत. दादाने तिला असे कुठेच म्हटलेले नाही.

ही पुस्तके मी जवळच्या वलवण गावात वाचून दाखवीत असे. तिथून आमच्याकडे दूध येई. दूध घेऊन येणाऱ्या मावशी घरच्या थोरल्या, जमीनजुमला असलेल्या, पण दूध स्वतःच घालायच्या, कारण सुनेच्या हाताने माप कमी पडते अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा मी शुद्धप्रत करीत बसले असताना त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"काय लिव्हताय एवढं?"

"गोष्ट आहे, मावशी. बोरघाटातल्या मिठाची."

"मिठाची? आन् ती घरात बसून लिव्हताय? आमाला वाचून दावा की. माजा सासरा जलमभर त्या मिठाच्या गोष्टी सांगायचा, आमी म्हणायचो म्हातारा थापा हाणतोय."

तेव्हापासून दर वर्षी भाताची लावणी उरकली की श्रावणापासून दर रविवारी दुपारी मी धरणाच्या कडेकडेने वलवणला जाई. मावशींच्या ओसरीवर दहाबारा बायका जमत. ओसरीखाली पायरीवर डोंगरातल्या वाडीची एक बाई बसे. ती लाकडाची मोळी विकायला येई. वर बस म्हटले तर "हितंच वारं लागतं" म्हणे. वाचन संपेपर्यंत मोळी तशीच उभी असे.

या बायकांनी एक चूक केली होती आणि ती काही केल्या सुधारत नव्हती. त्यांनी कादंबरीला पोथी समजले. पुस्तक मांडीवर घेऊन वाचू देत नसत. पाट, पाटावर तांबडे फडके, त्यावर पुस्तक. वाचण्याआधी हळदकुंकू. पहिल्या वर्षीच मी म्हटले, "मावशी, ही पोथी नाही. ही कादंबरी आहे. यात देव नाही."

"नसंना का. बैल हाय न्हवं?"

आणि शेवटचे पान झाले की समाप्ती. नारळ फुटे, गूळखोबरे वाटले जाई. पण त्याआधी एक गोष्ट केल्याशिवाय मावशी पुस्तक मिटू देत नसत. पोथी संपली म्हणून मिटायची नाही. लगेच पहिले पान काढून तेवढे वाचायचे, पुढच्या खेपेची सुरुवात करून ठेवायची, मग फडक्यात बांधायची. नाहीतर वाचलेले बाधते. दुसरा भाग संपला तरी पहिल्या भागाचेच पहिले पान, तिसरा संपला तरी तेच. माझ्यासारख्या ट्रेनिंग झालेल्या बाईला याची लाज वाटे. त्यांचे मन मोडू नये म्हणून मी ते पान वाचत असे, पण उभ्या उभ्या, एका दमात, शाळेत हजेरी घ्यावी तसे.

दुसऱ्या भागाच्या समाप्तीला मी दादाला बरोबर नेले होते. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. मी पहिले पान उरकले आणि पुस्तक बांधू लागले. मागे मावशी दादाशी काही बोलल्या. मला ऐकू आले नाही. दादा एकदम हसला. असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्याने टोपी काढून तोंड पुसले. घरी येताना विचारले तर म्हणाला, "तुझे श्रोते फार हुशार आहेत." मला वाटले, पोथीचे हसू आले असेल.

चौथा भाग भाद्रपदात छापून आला. त्याच्या मलपृष्ठावर प्रकाशकांनी आपल्या मनाने छापून टाकले होते, "पुढील भाग लवकरच." दादाने ती ओळ पाहिलीच नाही. पुस्तके घरी आली तेव्हा तो तापाने पडला होता. आश्विन लागला आणि तो गेला. वलवणातले वाचन त्या वर्षी मध्येच थांबले.

दिवस झाल्यावर मी त्याचे टेबल आवरले. कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा होता. पाचव्या भागाची एक ओळ, एक टाचण, एक नाव, काही नव्हते. मी गठ्ठा तीनतीनदा चाळला. मग तो गठ्ठाच छातीशी धरून बसले.

उन्हाळ्यात प्रकाशक पुण्याहून आले. गृहस्थ चांगले होते, हे आधी सांगते. घाम पुसत आत आले आणि पिशवीतून पोस्टकार्डांचा ढीग काढून त्यांनी टेबलावर ओतला.

"बाई, हे पाहा. सगळ्यांचा एकच प्रश्न. ती खाली गेली की वर आली? एकजण तर रागाने लिहितो, खिंडीत किती दिवस उभी ठेवणार त्या पोरीला?"

"दादाने काही लिहून ठेवलेले नाही."

"ते कळले मला. म्हणूनच आलो. आमच्याकडे एक लेखक आहेत, चांगला हात आहे. त्यांनी पहिले प्रकरण करूनसुद्धा दिले. तुम्ही घरच्या, तुमचे संमतीचे पत्र असले की झाले."

"काय आहे त्या प्रकरणात?"

ते जरा घुटमळले. "ती वर येते. पुण्याला. एका वकिलाच्या घरी आश्रयाला राहते. वकील विधुर आहेत."

मी उठले. चहा ठेवला. चहा होईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर मीठवाली वकिलाच्या माडीवर सुपारी कातरत बसलेली दिसत होती. चहा पुढे ठेवून मी म्हटले, "दुसऱ्या कुणी लिहायचे नाही. मी लिहीन."

"तुम्ही?"

"शुद्धप्रत कोण करीत होते?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीपर्यंत मिळाले तर बरे होईल. नाहीतर मग मला त्यांनाच सांगावे लागेल, बाई. वाचकांना किती थांबवू?"

मी लिहायला बसले. लिहिण्याची हौस मला कधी नव्हती, पण दादाच्या वाक्याची चाल माझ्या हातात बसली होती. ज्या फॉर्मांच्या पाठी कोऱ्या राहिल्या होत्या त्यांवरच मी कच्चे लिहिले आणि मग वहीत उतरवले. मी तिला खाली नेले, कोकणात. मिठागरावर कामाला लावले, बापाच्या गावाचा शोध घ्यायला लावले. शाळेतून आले की पिठले-भात टाकायचा आणि बसायचे. पाऊस लागला, खिडकीचे दार फुगून बसेना झाले, वहीची पाने ओलसर होऊन शाई पसरू लागली, पण श्रावण संपता संपता चोवीस प्रकरणे झाली.

मी ती वाचून पाहिली. वाईट नव्हती. हे मी आजही म्हणेन. वाक्ये दादाची वाटत. पण वाचताना मला सारखे असे होई की कुणी पाहुणा निघायला उठला आहे, दारात उभा आहे, चपला घातल्या आहेत आणि तरीही बोलतोच आहे. बोलणे गोड आहे, पण निरोप तर आधीच झालेला आहे. पुढचा भाग असू नये असे माझे मत मुळीच नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस होता. तिसरा नसता तर ती नुसती सोसणारी पोर राहिली असती. त्या भागांना सांगायचे काही होते. माझ्या वहीला उत्तर द्यायचे होते, एवढेच. तरी मी ती टाकून दिली नाही. ती टाकली असती तर दादा अर्धा राहिला असता आणि वकील जिन्यावर उभेच होते.

मी ठरवले, छापायला देण्याआधी वलवणात वाचायचे. तिथे जमले तर सगळीकडे जमेल.

त्या वर्षी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. मागल्या वर्षीचे अडलेले वाचन पुढे न्यायचे नाही, नव्याने धरायचे, असे मावशींनी ठरवले होते. एकेका रविवारी दोन दोन तास वाचून कार्तिकाच्या तोंडाशी चौथ्या भागाचे शेवटचे पान आले. दिवाळी आठवड्यावर होती. वही माझ्या पिशवीत होती.

मी वाचले, "ती खिंडीत उभी राहिली."

कुणीतरी नाक ओढले. मी म्हटले, "आता थांबा. आज पुढचेही आहे." आणि पिशवीत हात घातला.

"आदी पयलं पान," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आज ते राहू द्या. आज मी पुढचा भाग आणला आहे. ती कुठे गेली ते यात आहे."

"कुटं जाईल? पयलं पान वाचा."

"मावशी..."

"बाई, आसं आडवं घालू नगा. समाप्ती झाल्याबगर दुसरं काय न्हाई."

मी मुकाट्याने पहिला भाग उघडला. पण उभी राहिले नाही. दमले होते, म्हणून बसूनच वाचले, आणि घाई करण्याइतका जीवही नव्हता. त्या पानावर मुलगी नाही. त्या पानावर खिंड आहे आणि खिंडीत एक म्हातारी. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला घोटभर पाणी आणि चिमूटभर मीठ देते. आगगाडीतली माणसे तिला खिडकीतून पाहतात. मग पान उलटले की "फार वर्षांपूर्वी" म्हणून गोष्ट सुरू होते. त्या म्हातारीला मी नेहमी देखाव्यातले एक झाड समजत आले होते.

मी वाचले, "म्हातारीच्या हातात एक पितळी वाटी असे. वाटीच्या काठाला तडा होता. बुडाशी कडी असल्यामुळे ती जमिनीवर बसत नसे, म्हणून म्हातारी ती कधी खाली ठेवीत नसे."

पायरीवरून लाकूडवाली हलकेच म्हणाली, "न्हाईच ठेवायची ती. कशी ठेवंल?"

आणि बायका माना हलवू लागल्या, ओळखीचे माणूस दिसल्यावर हलवतात तशा.

मी वाचायची थांबले. शुद्धप्रत करताना या कडीवर मी अडले होते ते मला आठवले. वाटीला बुडाशी कडी कशाला, असे मी दादाला विचारले होते आणि ती ओळ गाळू का म्हटले होते. दादा म्हणाला होता, "असू दे. कुणाला तरी लागेल."

"मावशी," मी विचारले, "बुडाला कडी असलेली वाटी तुम्ही पाहिली आहे?"

मावशींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पहिलीच्या वर्गात बसले आहे. "वाटीला कडी असती व्हय बाई? उलटी धरा की."

"काय उलटी धरू?"

"घंटा! बैलाची घंटा उताणी धरली की काय व्हतं? वाटी व्हती. कडी खाली जाती. ठेवाय गेलं की कलंडती."

"तडा गेलेली," एक सून म्हणाली. "दुसऱ्या भागात पडलीवती ती."

"आन् आतला लोलक?" मी विचारले.

"तो काडून टाकला आसंल. बैलच न्हाई तर वाजवायची कुनासाठी?" लाकूडवाली म्हणाली. मग जरा थांबून, "ती म्हातारी म्हंजे तीच. खाली बी न्हाई गेली, वर बी न्हाई. तितंच ऱ्हायली, खिंडीत. माज्या आज्यानं बी मीठ वाह्यलं. तो म्हणायचा, बैल सुटलं तरी पाय घाट सोडत न्हाईत."

"तुम्हांला हे केव्हापासून माहीत आहे?"

"घंटा फुटली तवापासनं," मावशी म्हणाल्या. "सायब आलेवते न्हवं त्या साली, तवाच मी त्येंना म्हनलं, वाटी वळखली बरं का आमी. तर किती हसले ते! डोळ्यांत पानी आलं त्येंच्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"अगं बया!" मावशी बायकांकडे वळल्या. "ऐका. वाचनार ह्या, लिव्हनार ह्या, आन् सांगायचं आमी! आमाला काय ठावं तुमाला ठावं न्हाई ते?"

ओसरी हसली. खूप हसली. आणि मीही हसले. दादा गेल्यानंतरचे ते माझे पहिले हसू. तेही पदराने तोंड झाकून, कारण त्यात रडूही होते आणि दोन्हींना वेगळे करायला वेळ नव्हता. चार भाग मी उतरून काढले होते. एकेक काना-मात्रा पाहिली होती. पण बैलाच्या गळ्यात घंटा मी कधी बांधली नव्हती, आणि शेवटचे पान झाल्यावर पहिल्या पानाकडे कधी मनाने गेले नव्हते. ज्या रिवाजाची मला लाज वाटत होती, तोच या पुस्तकाची किल्ली होता. टेबलावरचे फॉर्म कोरे होते, कारण लिहायचे काही राहिलेच नव्हते. दादा अर्ध्यावर गेला नव्हता. घर बांधून, सारवून, कडी लावून गेला होता.

वही पिशवीतून निघालीच नाही. नारळ फुटला.

दिवाळीच्या आधी प्रकाशक ठरल्याप्रमाणे आले. "झाले का, बाई?"

"झाले. बसा. पण आधी तुम्ही मला वाचून दाखवायचे."

मी त्यांच्या हाती चौथ्या भागाचे शेवटचे पान दिले. ते त्यांनी वाचले. मग पहिल्या भागाचे पहिले पान दिले. "मोठ्याने वाचा," मी म्हटले. त्यांनी चष्मा चढवला आणि जरा नाइलाजाने वाचू लागले. वाटीपाशी आले आणि पुढे गेले. पानाच्या तळाशी पोहोचले आणि माझ्याकडे पाहिले.

"बरे, मग?"

मी शेजारच्या गोठ्यातून मागून आणलेली घंटा टेबलावर उताणी ठेवली. ती कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. मी तिच्यात मीठ भरून त्यांच्या हातात दिली.

ते बराच वेळ ती घंटा हातात धरून बसले, कारण ठेवायची कुठे हे त्यांना कळेना. मग हळूच म्हणाले, "अरे देवा. आणि आम्ही तिला वकिलाच्या घरी नेत होतो!"

"मीही तिला मिठागरावर नेले होते," मी म्हटले. "चोवीस प्रकरणे."

"ती द्या तर खरे. वाचतो तरी."

"नाही. ती लागत नाहीत."

पण ते प्रकाशक होते. दुसऱ्या कपाबरोबर त्यांनी पुन्हा विषय काढला. "बाई, तुमचे खरे. पण वाचकांचे काय करू? ते काही वलवणच्या ओसरीवर बसलेले नाहीत. शेवटचे पान झाले की पुस्तक फडताळात जाते."

"मग नव्या आवृत्तीत 'समाप्त' काढा. तिथे छापा, 'आता पहिल्या भागाचे पहिले पान वाचावे.' आणि मलपृष्ठावरची ती ओळ काढून टाका."

"असे कोणी छापत नाही हो."

"पोथी वाचणारे सगळे करतात."

ते गेले, तेव्हा हो म्हणाले नव्हते. पण त्यांनी ती दोन पाने त्या पुण्याच्या लेखकाला नेऊन दाखवली. आठ दिवसांनी त्या गृहस्थांचे मला पत्र आले, साधे आणि सरळ. त्यांनी लिहिले होते की आपले प्रकरण आपण फाडले आहे. ज्या घरात जागा रिकामी आहे असे वाटून शिरलो तिथे घरमालकीण बसलेली दिसली, तेव्हा दारातूनच नमस्कार करून परत फिरतो. मला त्या माणसाविषयी फार आदर वाटला. वकील विधुर ठेवल्याबद्दलचा राग तेव्हाच गेला.

नवी आवृत्ती निघाली आणि ती ओळ छापली गेली. आलेल्या पोस्टकार्डांना उत्तर द्यायचे काम मी मागून घेतले. शाळा सुटल्यावर रोज पाच-सहा कार्डे लिही. सगळ्यांना तेवढीच ओळ, खाली काही नाही. उलगडा कुणालाच सांगितला नाही. वलवणात तो कुणाला सांगावा लागला नव्हता.

तळेगावच्या एका पेन्शनर मास्तरांचे फार चिडलेले कार्ड आले. "मी चारी भाग वाचले आहेत. मी काही बिगारीतला विद्यार्थी नव्हे की मला पुन्हा पहिल्या पानावर बसवावे." मी त्यांना पुन्हा तीच ओळ पाठवली. पंधरा दिवस काही नाही. मग एक कार्ड आले. पत्त्याच्या उलट बाजूला मधोमध, मोठ्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, "घंटा". ते कार्ड मी दादाच्या फोटोमागे खोचून ठेवले आहे. पुढे अशी कार्डे पुष्कळ आली, कुणी चित्र काढले, कुणी चिमूटभर मीठ पाकिटात घालून पाठवले आणि पोस्टात ते ओले होऊन पाकीट फाटले. पण मास्तरांचे पहिले.

पुढल्या वर्षीच्या समाप्तीला मी शेवटचे वाक्य वाचले आणि कुणी सांगायच्या आधी पहिला भाग उघडला. ते पान मी पाटासमोर नीट बसून, हळूहळू वाचले. माझी इतक्या वर्षांची घाई त्या दिवशी फिटली. वाटीपाशी आले तेव्हा बायका माझ्याकडे पाहत होत्या, पोराला पाढा येतो का पाहावे तशा. मी थांबले नाही. मावशी समाधानाने म्हणाल्या, "आता आलं बाईंना वाचता."

त्या वर्षी गूळखोबऱ्याबरोबर मीठही होते. मावशींनी आपल्या पुढच्या बैलाची घंटा धुऊन आणली होती. मीठ हातावर द्यायचे नाही, भांडण होते, म्हणून लाकूडवालीने पळसाची पाने आणली होती, आणि घंटेतून एकेकीच्या पानावर चिमूट पडत होती. लाकूडवालीला मात्र त्या दिवशी मावशींनी पायरीवर राहू दिले नाही. "मीठ तुज्या आज्यानं वाह्यलं, वाटायचं बी तूच," म्हणून घंटा तिच्या हातात दिली आणि ती ओसरीवर आली. शेवटपर्यंत तिने घंटा खाली ठेवली नाही.

निघताना मावशी म्हणाल्या, "बाई, गेल्या साली पिशवीत एक वही व्हती न्हवं? वाचायची ऱ्हायली."

"राहिली नाही, मावशी," मी म्हटले. "लागली नाही."

"मग बेस झालं," त्या म्हणाल्या आणि पुस्तके तांबड्या फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. चार.

मी धरणाच्या कडेने घरी आले. पळसाच्या पानातले मीठ दुसऱ्या दिवशीच्या आमटीत घातले, आणि एक दादाचे, एक माझे अशी दोन पाने वाढून जेवले.